सोलापुरात नव्याने राहायला आलात? दवाखान्याची वाट आजारपणाआधीच समजून घ्या

नोकरीला, शिकायला, लग्न होऊन किंवा गावाकडचं शेत सोडून कामासाठी सोलापुरात आलेल्या प्रत्येक घरावर कधी ना कधी ही वेळ येते. रात्री कुणाचा तरी ताप उतरत नाही, छातीत दुखतं, लेकरू पडतं, आणि कुठे न्यायचं हेच कळत नाही. शेजारी विचारलं तर तिघे तीन नावं सांगतात. रिक्षावाला चौथ्याच दारात नेऊन उभं करतो. मग पुढचे दोन दिवस पैशांची जमवाजमव.

मी लातूरकडून इथे आले तेव्हा शहराची काहीच माहिती नव्हती. आता पूर्व भागात राहते. घरच्यांबरोबर आणि शेजारच्यांबरोबर दवाखान्यात जाता-येता जे समजलं ते इथे क्रमाने लिहिते. सोलापुरात दवाखाने भरपूर आहेत. लातूर-धाराशिवपासून विजयपूर-कलबुर्गीपर्यंतचे लोक उपचारासाठी इथे येतात. पण प्रत्येक दवाखान्याचा कारभार वेगळा, कायदा वेगळा आणि सवलतही वेगळी. कोणतं दार कशासाठी हे आधी माहीत असलं, तर पैसा वाचतो आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेळ वाचतो.

१. कोण काय चालवतं, ते आधी ओळखा

सगळ्या सरकारी दवाखान्यांना आपण सरसकट ‘सरकारी’ म्हणतो. इथूनच घोळ सुरू होतो.

महापालिकेची नागरी आरोग्य केंद्रं वेगवेगळ्या पेठांत आणि हद्दवाढ भागात आहेत. ताप, खोकला, बीपी-शुगरच्या गोळ्या, लसीकरण आणि गरोदरपणाची नोंद यांसाठी पहिलं दार हेच. बाळंतपणासाठी महापालिकेचं डफरीन रुग्णालय आहे. त्याच्यावरूनच डफरीन चौकाला नाव पडलं.

‘सिव्हिल’ म्हणजे श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. ते १९६३ साली सुरू झालेल्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. म्हणजे ते वैद्यकीय शिक्षण विभागाच्या ताब्यात येतं, सार्वजनिक आरोग्य विभागाच्या नव्हे. हा फरक लक्षात ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्यात तपासणी आणि उपचार मोफत झाले ते सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, ग्रामीण रुग्णालयं, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयांत. सिव्हिलला केसपेपर आणि काही तपासण्यांसाठी थोडं शुल्क मागितलं, तर कुणी लुबाडतंय असं समजून खिडकीवर भांडू नका. तिथले दर ठरलेले असतात आणि पावती मिळते. पावतीशिवाय कुणी पैसे मागितले तर मात्र देऊ नका. आरोग्य विभागाचं जिल्हा सामान्य रुग्णालय आणि महिला व शिशू रुग्णालय गुरुनानक चौकाच्या बाजूला आहे.

यानंतर येतात सहकारी रुग्णालयं. ही सोलापूरची खास गोष्ट आहे. अश्विनी सहकारी रुग्णालय आणि मार्कंडेय सहकारी रुग्णालय ही त्यातली सगळ्यांच्या तोंडी असलेली नावं. अश्विनीचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं रुग्णालय अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीला आहे. विडी कामगार महिलांची मोठी घरकुलं त्याच परिसरात असल्याने तिकडच्या कुटुंबांना शहरात यायच्या आधी तेच जवळ पडतं. याशिवाय धर्मादाय रुग्णालयं, कामगार विम्याचं रुग्णालय आणि असंख्य खाजगी नर्सिंग होम.

२. एक पिशवी आजच भरून ठेवा

आजार सांगून येत नाही, पण कागद आधी जमवता येतात. प्लास्टिकची एक जाड पिशवी घ्या आणि त्यात हे ठेवा:

- शिधापत्रिका (मूळ आणि दोन झेरॉक्स)
- घरातल्या प्रत्येकाचं आधार कार्ड
- आयुष्मान कार्ड काढलं असेल तर ते
- तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मुदतीतला
- कामगार विमा असेल तर ई-पहचान कार्ड. विडी कामगार असाल तर ओळखपत्र
- जुनी केसपेपरं, रिपोर्ट, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, तारखेप्रमाणे लावलेली
- चालू गोळ्यांची रिकामी पाकिटं
- रक्तगट आणि कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, हे लिहिलेला कागद

यात सगळ्यात जास्त अडवणारा कागद म्हणजे शिधापत्रिका. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं, नव्या बाळाचं नाव कुठेच नसतं, किंवा आधारवर ‘लक्ष्मीबाई’ आणि शिधापत्रिकेवर ‘लक्ष्मी’ असतं. तेलुगू आणि कन्नड घरांत आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं सापडतं. हे दुरुस्त करायला अन्नधान्य वितरण कार्यालयात वेळ लागतो. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते होत नाही. हा लेख वाचून एकच काम करणार असाल तर घरातल्या सगळ्यांची नावं दोन्ही कागदांवर सारखी आहेत का, तेवढं आज संध्याकाळी बघून घ्या.

पिशवीतल्या सगळ्या कागदांचे फोटो घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. मूळ कागद कुणाच्याही हातात सोडू नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

३. आजारी नसतानाच जवळच्या आरोग्य केंद्रात जाऊन या

आपलं घर कोणत्या नागरी आरोग्य केंद्राच्या हद्दीत येतं, हे आशाताईंना विचारा. प्रत्येक वस्तीला आशाताई ठरलेली असते. त्यांचा नंबर घ्या, घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा शुगरचा पेशंट असेल तर नाव नोंदवा. हे काम दहा मिनिटांचं आहे, पण नंतर लसीकरणाची तारीख असो की बाळंतपणाची गाडी, त्याच आठवण करतात.

यंत्रमागावर किंवा टॉवेलच्या कारखान्यात दिवसपाळी असेल, तर सकाळची ओपीडी गाठता येत नाही आणि रोजगार बुडतो. अशांनी ‘आपला दवाखाना’ कुठे आहे ते शोधून ठेवावं. राज्यभर हे दवाखाने १ मे २०२३ पासून सुरू झाले. त्यांची वेळ साधारण दुपारी २ ते रात्री १० असते. कामावरून सुटल्यावर थेट जाता येतं.

दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर तिथेच बेडक्याची तपासणी करून घ्या. मागावर काम करणारा माणूस ‘सुताची धूळ आहे, होतं असं’ म्हणून महिनोन्महिने अंगावर काढतो. धुळीनेही छाती बिघडते आणि क्षयानेही. दोन्हींचा उपचार वेगळा, त्यामुळे तपासल्याशिवाय ठरवू नका. क्षयाची औषधं सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी खात्यावर दरमहा पैसेही येतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम ५०० ऐवजी १००० रुपये झाली. त्यासाठी बँक खात्याला आधार जोडलेलं हवं.

४. सिव्हिलला जायचं तर असं जा

सिव्हिलची गर्दी बघून पहिल्यांदा जाणारा माणूस घाबरतो. पण क्रम कळला की काम सोपं होतं.

सकाळी लवकर पोहोचा. ओपीडी सकाळची असते, दुपारनंतर गेलात तर अपघात विभागाशिवाय कुणी भेटणार नाही. आधी केसपेपरची खिडकी. तिथे त्रास दोन शब्दांत सांगा, म्हणजे ते कोणत्या विभागात जायचं ते केसपेपरवर लिहून देतात. मोबाइलवर आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचा सरकारी ओळख क्रमांक, काढलेला असेल (तो १४ आकडी असतो) आणि खिडकीजवळ क्यूआर कोड लावलेला दिसला, तर स्कॅन करून टोकन घेता येतं. तरुण मंडळींनी हे घरातल्या म्हाताऱ्यांसाठी करून द्यावं.

आता यातली गोष्ट जी कुणी सांगत नाही. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात प्रत्येक विभागात डॉक्टरांची युनिटं असतात आणि प्रत्येक युनिटचा ओपीडीचा वार ठरलेला असतो. तुम्हाला मंगळवारी ज्या युनिटने तपासलं, ते पुन्हा त्यांच्याच वारी बसणार. पुढच्या वेळी दुसऱ्याच दिवशी गेलात तर नवीन डॉक्टर पहिल्यापासून सगळं विचारणार आणि कदाचित तपासण्याही पुन्हा लिहून देणार. म्हणून पहिल्या भेटीतच युनिट आणि वार विचारून केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहा. एवढ्या एका सवयीने निम्मे हेलपाटे कमी होतात.

रक्ततपासणी होईल असं वाटत असेल तर उपाशीपोटी जा आणि डबा बरोबर ठेवा. शुगरच्या पेशंटने मात्र गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी राहू नये, चक्कर येते. एप्रिल-मेमध्ये रांगेत उभं राहायचं तर पाण्याची बाटली आणि टोपी हवीच, सोलापूरचं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल तर लवकरच होईल.

आधी शिकाऊ आणि निवासी डॉक्टर तपासतात, मग मोठे डॉक्टर. काही जणांना हे पटत नाही, ‘पोरंच बघतात’ म्हणून ते उठून जातात. तसं करू नका. निवासी डॉक्टर एमबीबीएस झालेले असतात, रात्रंदिवस वॉर्डात तेच असतात, आणि तुमची माहिती त्यांनी नीट लिहिली तर मोठ्या डॉक्टरांचा निर्णय लवकर होतो. त्यांना खरं सांगा: दारू, तंबाखू, मिश्री, गावठी औषध, आधी कुठे दाखवलं, सगळं. तोंडात गाठ किंवा न भरणारी जखम असेल तर मिश्री लावत असल्याचं लाजून लपवू नका.

पेशंट ॲडमिट झाला तर जवळ एकच नातेवाईक थांबू द्या. वॉर्डातल्या मावशी आणि मामांशी गोडीने बोला, पण कुणी गेटपाशी येऊन ‘साहेबांची ओळख आहे, लवकर बेड मिळवून देतो’ म्हणालं तर पाठ फिरवा. कुणी बाहेरच्या खाजगी दवाखान्यात ‘तेच डॉक्टर बघतील’ म्हणून न्यायला लागलं तरी तेच. सरकारी बेडला दलाल लागत नाही.

५. योजना: आरोग्यमित्राला आधी भेटा, बिल नंतर

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. त्यामुळे इथल्या मोठ्या दवाखान्यांना योजनेची सवय जुनी आहे. १ एप्रिल २०१७ पासून तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. पूर्वी पांढऱ्या शिधापत्रिकेला नाही म्हणत, आता पिवळी, केशरी, पांढरी अशा सगळ्या कार्डांना योजना लागू आहे. पांढरं कार्ड बघून कुणी परत पाठवलं तर १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर फोन करा.

योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं, म्हणजे रुग्णांना मदत करणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल असतं. पेशंट भरती होतानाच तिथे जायचं. क्रम असा:

आरोग्यमित्राला शिधापत्रिका आणि फोटोचं ओळखपत्र दाखवा. तो ऑनलाइन नोंद करतो. डॉक्टर आजार आणि उपचार लिहितात, रुग्णालय योजनेकडे पूर्वपरवानगी मागतं, आणि परवानगी आली की उपचार विनामूल्य. जीव धोक्यात असेल तर परवानगीची वाट बघत बसायची नसते. फोनवरून तातडीची नोंद होते, कागद नंतर देता येतात. लहान बाळाचं आधार नसेल तर जन्माचा दाखला आणि आईवडिलांबरोबरचा फोटो चालतो.

लोक नेमके कुठे अडकतात तेही सांगते.

पहिलं, आधी रोख भरून ॲडमिट होणं आणि दोन-तीन दिवसांनी योजना विचारणं. तोपर्यंत भरलेले पैसे परत मिळवणं फार कठीण जातं. पहिल्या तासात विचारा.

दुसरं, ‘हा दवाखाना योजनेत आहे’ एवढं ऐकून समाधान मानणं. रुग्णालय विभागानुसार योजनेत असतं. एखाद्या ठिकाणी हृदयाच्या शस्त्रक्रिया योजनेत असतील, पण हाडांच्या नसतील. म्हणून प्रश्न असा विचारा: “आमच्या पेशंटचं हे ऑपरेशन इथे योजनेत होतं का?”

तिसरं, योजना लागू झाल्यावरही ‘हे इंजेक्शन योजनेत येत नाही, बाहेरून आणा’ असं सांगितलं जाणं. मंजूर पॅकेजमध्ये बेड, शस्त्रक्रिया, औषधं, तपासण्या, जेवण हे सगळं येतं. बाहेरची चिठ्ठी मिळाली तर ती घेऊन आधी आरोग्यमित्राकडे जा, मेडिकलमध्ये नंतर.

साध्या तापासाठी किंवा ओपीडीच्या गोळ्यांसाठी ही योजना नाही, हेही लक्षात घ्या.

घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर उत्पन्न कितीही असो, त्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे, त्यासाठी फक्त आधार लागतं. पेन्शन घेणारे निवृत्त शिक्षक, गिरणीतले जुने कामगार, कुणीही. कार्ड काढायच्या केंद्रावर म्हाताऱ्यांच्या बोटाचे ठसे नीट उमटत नाहीत, तेव्हा आधारला मोबाइल नंबर जोडून घ्या, म्हणजे ओटीपीवर काम होतं.

परराज्यातून आलेल्यांसाठी: कर्नाटक, तेलंगणा, बिहार, उत्तर प्रदेश इथलं आयुष्मान कार्ड असेल तर ते इथेही चालतं, कारण केंद्राची योजना देशभर लागू असते. राज्याच्या योजनेसाठी मात्र महाराष्ट्राची शिधापत्रिका हवी. बांधकामावर किंवा भट्टीवर आलेल्या कुटुंबांनी गावाकडून निघतानाच ते कार्ड बरोबर आणावं.

६. धर्मादाय आणि सहकारी: नावावर जाऊ नका

धर्मादाय म्हणून नोंदलेल्या रुग्णालयाला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखून ठेवाव्या लागतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर उपचार मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर बिलात ५० टक्के सवलत. कागद म्हणजे तहसीलदारांचा दाखला किंवा शिधापत्रिका. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक असतात, त्यांच्याकडे अर्ज करायचा. अत्यवस्थ पेशंटला अनामत रक्कम मागून अडवता येत नाही. खाट असूनही नाही म्हणाले, तर सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येते.

सहकारी रुग्णालय मात्र सहकार कायद्याखाली नोंदलेलं असतं, सार्वजनिक न्यास नसतं. तिथे धर्मादायचा राखीव खाटांचा नियम आपोआप लागत नाही. तिथे विचारायचं ते वेगळं: योजना आहे का, सभासदांना काय सवलत आहे, जनरल वॉर्डचा दर काय.

कोणत्याही खाजगी दवाखान्यात दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावणं २०२१ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. आत शिरल्यावर ते आधी वाचा. खर्चाचा अंदाज लेखी मागा. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

कर्करोगाचा संशय आला की लोक पहिल्यांदा मुंबईची गाडी धरतात. तसं करण्याआधी जिल्ह्यातच चौकशी करा. बार्शीला नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय कित्येक वर्षांपासून ग्रामीण रुग्णांवर उपचार करत आहे, सोलापुरातही कर्करोगाचं रुग्णालय आहे. किरणोपचार आठवडेच्या आठवडे चालतात. रोज घरून ये-जा करता आली तर उपचार मध्येच सुटत नाहीत, आणि मध्येच सोडलेला उपचार हेच सगळ्यात मोठं नुकसान.

७. पगारातून ईएसआय कापतात? मग हक्क वापरा

चादर-टॉवेलच्या कारखान्यात, एमआयडीसीत, दुकानात, सुरक्षारक्षक म्हणून काम करणाऱ्या आणि महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांना कामगार विमा, म्हणजेच ईएसआय, लागू होतो. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापतात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते, पण कार्ड कधी काढलेलं नसतं, असं फार घरांत बघितलंय. कार्यालयाकडून विमा क्रमांक मागा, बायको-मुलं आणि अवलंबून असलेले आईवडील यांची नावं जोडून घ्या. शहरात या योजनेचं रुग्णालय आहे, मोठ्या उपचारांसाठी ते पुढे पाठवतात. आजारपणात कामावर जाता आलं नाही, तर अटी पूर्ण असल्यास पगाराच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळते. त्यासाठी विम्याच्या डॉक्टरांचा दाखला लागतो. खाजगी डॉक्टरची चिठ्ठी नंतर पुढे करून चालत नाही.

८. बाळंतपण

सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसुद्धा, मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासून ने-आण करणारी १०२ ची गाडी त्यात येते. बाळाला एक वर्षाचं होईपर्यंत उपचार मोफत. नोंद पहिल्या तीन महिन्यांतच करा. पहिल्या बाळासाठी ५००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६००० रुपये मातृवंदना योजनेतून आईच्या खात्यात येतात, म्हणून खातं तिच्या नावाचं हवं. बाळंतपणाला माहेरी जाणार असाल, तर माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर न्या. बाळाचे डोस त्यावरच लिहिले जातात.

९. बोलायची भाषा

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू एकाच रांगेत ऐकू येतात. लमाणी, वडारी, कैकाडी बोलणारी घरंही आहेत. डॉक्टर मात्र कधी विदर्भातले असतात, कधी परराज्यातले. पेशंटला ज्या भाषेत दुखणं नेमकं सांगता येतं, त्याच भाषेत बोलू द्या. बरोबर मराठी येणारा मोठा माणूस न्या. शाळकरी मुलाला दुभाषा करू नका. आईच्या अंगावरून जाण्याबद्दल किंवा बापाच्या लघवीबद्दल तो नीट सांगू शकत नाही, आणि डॉक्टरांनी सांगितलेली गंभीर गोष्टही त्याने पहिल्यांदा ऐकू नये. वॉर्डात तेलुगू-कन्नड येणाऱ्या सिस्टर बहुतेक वेळा सापडतात, मोकळेपणाने विचारा. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर अंगठा किंवा सही करण्याआधी त्यात काय आहे, हे पेशंटच्या भाषेत सांगून घ्या. हा तुमचा हक्क आहे.

याच शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले आणि जखमी सैनिकांवर उपचार करताना चिनी भाषा शिकले. १९४२ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. भैय्या चौकात त्यांचं स्मारक आहे. बाहेरून येऊन इथे सेवा देणाऱ्या तरुण डॉक्टरांना मी ते बघून यायला आवर्जून सांगते.

१०. रात्री-अपरात्री

छातीत दुखणं, अर्धं अंग लुळं पडणं, अपघात, झटके, खूप रक्तस्राव: १०८ लावा. गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत. पत्ता सांगताना नगराचं नाव पुरत नाही, कारण सोलापुरात सारख्या नावांची नगरं बरीच. जवळची शाळा, मंदिर, मशीद, कारखाना सांगा आणि एकाला कोपऱ्यावर उभं करा. तोंड वाकडं झालं किंवा हात उचलेना, तर कधीपासून ते घड्याळ बघून लक्षात ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची लावू नका. सरकारी दवाखान्यात लसीचे डोस साधारण ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी देतात. रक्त आलं असेल तर जखमेत वेगळं इंजेक्शनही लागतं, ते आठवणीने विचारा. चौथा डोस चुकवणारे फार असतात.

साप चावला तर हातपाय घट्ट बांधू नका, चिरा देऊ नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. चावलेला अवयव हलू न देता थेट मोठ्या दवाखान्यात न्या.

रस्त्यावर अपघातात पडलेल्याला उचलून नेलं म्हणून पोलीस तुम्हाला त्रास देऊ शकत नाहीत. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण दिलं आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही. २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार मिळण्याची योजनाही आहे.

११. घरी सोडताना

डिस्चार्जच्या दिवशी सगळ्यांना घाई असते. तरीही हे तपासल्याशिवाय वॉर्ड सोडू नका: डिस्चार्ज कार्डावर आजाराचं नाव, झालेलं ऑपरेशन, गोळ्या किती दिवस आणि पुढची तारीख लिहिली आहे का. सिव्हिल असेल तर युनिटही. सगळे रिपोर्ट आणि एक्स-रे ताब्यात घ्या. योजनेचा पेशंट असेल तर आरोग्यमित्राला परतीचा प्रवासखर्च विचारा, तो पॅकेजमध्ये असतो. गोळ्या महागड्या लिहिल्या असतील तर डॉक्टरांनाच विचारा की जन औषधी केंद्रातली त्याच घटकाची गोळी चालेल का.

बाळ झालं असेल तर जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत झाली का, ते दवाखान्यातच विचारा. आईवडिलांच्या नावांची अक्षरं आधारप्रमाणे आहेत ना, हे फॉर्मवर स्वतः वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या आणि दुरुस्ती सही करण्याआधीच करवून घ्या. दाखला मिळाला की त्याच आठवड्यात बाळाचं नाव शिधापत्रिकेत घालायचा अर्ज द्या.